मानाचं पान

५ जानेवारी २००८, शनिवार

आज पुन्हा दोघं एकाच वेळी माझ्या टायपिंग-इंटरनेट सेंटरवर. यमुना मेंगाळ खिडकीजवळच्या मशीनवर, अनंत हरड तिच्याकडे पाठ करून भिंतीकडच्या. मध्ये हातभर जागा. कोणीही लिहू-बदलू शकेल अशा ऑनलाइन ज्ञानकोशात ती 'रानहळद' नावाने लिहिते, तो 'शिलेदार' नावाने. दिवाळीपासून दोघं त्यातल्या 'कड्याची आई' या देवीच्या एकाच पानावर एकमेकांचं लिखाण पुसून आपापलं घालतायत. आणि शिलेदार कोण, रानहळद कोण, हे दोघांनाही ठाऊक नाही. मला आहे. दोघांची खाती मीच उघडून दिली, मराठी टाइप करायलाही मीच शिकवलं.

यमुनाने धाडकन एंटर मारलं. थोड्या वेळाने अनंत खुर्चीत ताठ.

"आली बघा परत," पुटपुटला.

"कोण?"

"आहे एक. पुण्याबिण्याची असणार. जन्मात डोंगर चढली नसेल, आणि आईवर लिहिते."

यमुना निघताना माझ्या कानाशी, "ताई, त्यो शिलेदार ना, कोणीतरी रिटायर मास्तर असल. मुंबईत गॅलरीत बसून लिवत असल."

हसू दाबायला आत जाऊन चहा ठेवावा लागला.

८ जाने., मंगळ.

सुधीरचा फोन, पुण्याहून. कोशाचा प्रचालक, म्हणजे पानांवर देखरेख करणारा. कधी भेटलेला नाही, आवाज कोवळा, पण डोकं थंड. म्हणाला, वादाच्या पानांवर लिहिणारे आपले लोक टिकत नाहीत. दोनचार महिने भांडतात, मग मन विटून निघून जातात. फुकट काम, वर शिव्या. "तुम्ही भांडणात पडू नका ताई. भांडणाऱ्यांना धरून ठेवा."

तेच तर करते. माझा एकच नियम: रागाचं उत्तर आधी वेगळ्या फाइलीत लिहायचं, चहा प्यायचा, मग ते मला मोठ्याने वाचून दाखवायचं. एवढं करून जे उरेल ते पाठवायचं. बहुतेक वेळा दोन ओळी उरतात. मुरबाडचे एक रिटायर पोस्टमास्तर जातींच्या पानांवर लिहितात, ते तर फोनवर वाचून दाखवतात नि वाचता वाचता स्वतःच म्हणतात, "जाऊ दे, हे राहू दे."

वि., म्हणजे आमचे हे, म्हणतात, तुझ्या टायपिंग क्लासपेक्षा तुझं समुपदेशन केंद्र जोरात आहे.

१२ जाने., शनि.

अनंत आला नाही, भातसानगरला धरणावर त्याची ड्युटी. त्यामुळे यमुना मोकळेपणी बोलली.

भांडण असं. सावरखोरे गाव डोंगराच्या पायथ्याला, यमुनाची वरची वाडी डोंगराच्या अंगावर, कड्याची आई त्याच्याही वर. चैत्रात जत्रा. पहिला नारळ कोणाचा? अनंतने लिहिलंय, हरड घराण्याच्या मूळ पुरुषाने देवी स्थापली, म्हणून पहिला नारळ हरडांचा. यमुना म्हणते, वाडीच्या ठाकरांना कंद खणताना देवी सापडली, तिचा आजा सोमा मेंगाळ आजही भगत आहे, पहिला नारळ वाडीचा. अनंतकडे देवस्थानाची छापील स्मरणिका. यमुनाकडे आजा.

सुधीरने तिला चर्चापानावर नीट समजावलं होतं: छापील संदर्भ लागतो. त्यावर तिने आज उत्तर लिहिलं, चहा प्यायली, वाचून दाखवलं. लांबलचक होतं. सगळं खोडलं नि एकच वाक्य ठेवलं:

"माझा आजा छापलेला नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही."

पाठव म्हटलं.

१५ जाने., मंगळ.

संक्रांत. सासूबाईंनी तिळाचे लाडू इतके कडक केले की वि. म्हणाले, रुळाखाली खडी म्हणून घालतो. कसाऱ्याला नेऊन रेल्वेच्या गँगमधल्या लोकांना वाटले. सगळे संपले म्हणे.

भारनियमन वाढलं. इन्व्हर्टर तीन मशीनं कशीबशी ओढतो.

१९ जाने., शनि.

दोघं. यमुना आधी. अनंत आला तो तिच्याकडे बघून हसला. "सिस्टर, आज पण तुम्ही?"

"हां, मेल बघते."

"आईचं बीपी परत वर गेलंय हो."

"उद्या पोलिओचा डोस द्यायला गावात येतेच हाय. तवा बघते. मीठ कमी केलं का त्यांनी?"

"ऐकते कुठे."

मी काउंटरवर पावती फाडत बसले. यमुना सावरखोऱ्याच्या उपकेंद्रात नर्स, अनंत गावातला. ओळख असणारच. पण इतकी घरची? माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग दोघं आपापल्या मशीनकडे वळले नि तासभर एकमेकांना कापत बसले. अनंतने लिहिलं, 'शहरी बायकांनी आदिवासींच्या नावाने कथा रचू नयेत.' मी बघितलं तोवर पाठवून झालं होतं.

"अनंता, चहा कुठे प्यायलास?"

"राहिला," म्हणाला. निदान ओशाळला तरी.

२३ जाने., बुध.

वि. म्हशाच्या जत्रेला जाऊन आले, घोंगडी घेऊन. मला क्लास सोडता आला नाही. म्हणाले बैल कमी, मोबाइलचे स्टॉल जास्त. यमुनाचा आजा भेटला होता, घोंगडीवाल्याशी घासाघीस करत बसलेला. वि. ना चहा पाजला म्हणे. ऐटीत होता.

२९ जाने., मंगळ.

वाईट दिवस.

सकाळी पान उघडलं. आजच काढलेल्या एका खात्यावरून कोणीतरी चर्चापानावर टाकलंय: रानहळद म्हणजे सावरखोरे उपकेंद्रातली नर्स यमुना मेंगाळ, सरकारी पगार खाऊन देवस्थानाची बदनामी करते, हिला विचारा कोणाच्या सांगण्यावरून.

 लगेच सुधीरला फोन. तो कॉलेजात होता, वर्गातून बाहेर आला. मजकूर पुसला, पानाच्या जुन्या नोंदींतूनही लपवला, ते खातं बंद केलं. जेवायच्या आत सगळं साफ. पण ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलंच असणार.

यमुनाला फोन लागत नाही. लसीकरणाला पाड्यांवर गेली असेल.

३० जाने., बुध.

आली. बसली नाही. दारातच.

"ताई, मी रानहळद हाय हे तुमच्याशिवाय कोणाला म्हाईत व्हतं?"

मी म्हटलं, मी सांगितलेलं नाही.

"मंग?"

  मी शपथा घेत बसले नाही. मला ते जमत नाही, आणि घेतल्या असत्या तरी तिला खऱ्या वाटल्या नसत्या. एवढंच सांगितलं की ते पुसलंय आणि पुढे काही आलं तर मी तिच्या बरोबर आहे. ती गेली.

वि. म्हणाले, "तू नाही ना सांगितलंस? मग झालं."

झालं कसं? अशा वेळी ज्याच्याकडे यायचं, त्याच्यावरच संशय. मग ती आता कोणाकडे जाणार?

१ फेब्रु., शुक्र.

यमुनाच्या ऑफिसात तक्रार गेलीय. तिला लेखी खुलासा मागितलाय. मला हे तिच्याकडून नाही, औषधाच्या दुकानात कळलं. शहापुरात बातमीला पाय नसतात, चाकं असतात.

२ फेब्रु., शनि.

अनंत दुपारीच आला. मशीनवर गेला नाही. काउंटरपुढे स्टूल ओढलं.

"ताई, रानहळद म्हणजे आपल्या सिस्टर?"

"वाचलंस तू."

"सगळ्या गावाने वाचलं. कोणीतरी छापून पारावर चिकटवलं." मान खाली. "त्या पोलिओच्या रविवारी पोरीला डोस दिला तिने. आईचं बीपी बघितलं, आमच्याकडे चहा प्यायली. आणि मी तिला लिहिलं, शहरी बाई. लिहून झालं होतं आदल्याच दिवशी, म्हणजे तिने ते वाचून मग..."

"तिला कुठे ठाऊक होतं तू कोण ते."

मग वर बघितलं. "तुम्हाला होतं?"

"होतं."

"दोघांचं?"

"दोघांचं."

चिडला. मला नाचवलंत म्हणाला, तिकडे बसून मजा बघितलीत. मी बोलू दिलं. मग विचारलं, "तुझं नाव मी तिला सांगितलं असतं तर तुला चाललं असतं?" मान हलवली, नाही.

कोणी केलं हे त्याला कळलंय. नाव घेतलं नाही. "आमच्याच भावकीतला. आणि त्याला कसं कळलं सांगू? सिस्टरच्या आजाने सांगितलं. म्हशाच्या जत्रेत म्हातारा दिसेल त्याला सांगत होता, माझी नात आईची गोष्ट यंत्रात लिवते, साऱ्या दुनियेला दिसते."

म्हणजे म्हशाला म्हातारा ऐटीत होता तो याचसाठी.

अनंत मशीनवर बसला. लिहिलं. स्वतःच म्हणाला, चहा द्या. प्यायला. मग मोठ्याने वाचलं. टायपिंगच्या पोरी थांबून ऐकायला लागल्या.

"रानहळद यांचं म्हणणं मला पटत नाही. पुढेही मी त्यांच्या विरुद्ध लिहीन. पण ज्याने त्यांचं नाव फोडलं तो माझ्या बाजूचा नाही. त्यांना 'शहरी बाई' म्हटलं ते मी मागे घेतो. त्यांचं नाव उघडं झालंय, तर माझंही असू दे. मी अनंत हरड, सावरखोरे."

मी म्हटलं, शेवटचं वाक्य परत विचार कर. एकदा टाकलंस की गावात, घरात, सगळीकडे. तुझे वडील देवस्थानाच्या कमिटीत आहेत.

"विचार केला."

"अजून एक चहा घे."

घेतला. मग पाठवलं. एक अक्षर बदललं नाही.

त्या शेवटच्या वाक्याबद्दल सुधीरला विचारलं. म्हणाला, त्याचं नाव त्याने स्वतः टाकलंय, राहू दे. तिचं तिने टाकलेलं नव्हतं.

४ फेब्रु., सोम.

यमुनाला फोन करून सांगावं, तुझ्या आजानेच सांगितलं बाई, माझं नाव घेऊ नकोस? सोपं आहे. सकाळपासून चार वेळा फोन हातात घेतला. नाही केला. स्वतःला मोकळं करायला म्हाताऱ्याला कशाला पुढे ढकलू. त्याचं कौतुक होतं ते, चहाडी नव्हे.

पण तिचा खुलासा लिहायला कोणी आहे का? ते मात्र बघायला हवं.

७ फेब्रु., गुरु.

वाडीवर जाऊन आले. वि. ची सुट्टी होती, बरोबर आले. सावरखोऱ्यापर्यंत एस्टी, पुढे चढ. मला दम लागला, वि. ना नाही. रूळ तपासून पाय लोखंडाचे झालेत.

यमुना अंगणात वाल सोलत होती. उठली नाही, पण "या" म्हणाली. आजा ओट्यावर. नव्या घोंगडीवर. वि. ना बघून खूश.

"तुमीच ना माझ्या यमीला यंत्र शिकवणाऱ्या?" मला म्हणाला. "लय भारी काम केलंत. म्हशाला मी अवघ्यांना सांगितलं. घोंगडीवाल्याला सांगितलं, बैलवाल्याला सांगितलं, हरडांची पोरं उभी व्हती त्यांना पण सांगितलं. म्हटलं बगा, माझी नात आईची गोष्ट लिवते, तुमच्या कोणाला येतंय काय?"

यमुनाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आजा, तू सांगितलंस?"

"मंग? लपवायचं व्हतं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं रडेल. हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. "ताई, मी तुमाला..."

"राहू दे. शेंगा दे इकडे, दोघी सोलू."

आजाला काय झालं ते कळेना. वि. नी त्याला बैलांच्या भावात गुंतवलं.

मग तिला अनंतचं सांगितलं. त्याने लिहिलेलं मला तोंडपाठच झालंय.

"हरडांचा अनंत? ज्याच्या आयेचं बीपी..."

"तोच."

"मंग त्यो गॅलरीतला रिटायर मास्तर?"

"तोच."

"आगो बाई." चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "पण नारळ आमचाच हाय."

म्हटलं, तसंच लिही. सोडू नकोस.

येताना वालाच्या शेंगा दिल्या, दोन पिशव्या.

१३ फेब्रु., बुध.

खुलासा. मी बरोबर गेले. आत मला सोडणार नाहीत असं वाटलं होतं, साहेबांनी बसा म्हटलं. यमुनाने सरळ सांगितलं: सुट्टीच्या वेळात लिहिते, खासगी सेंटरवरून लिहिते, पदरमोड करून लिहिते. नोकरीचा उल्लेख तिने कुठेच केलेला नाही, तो दुसऱ्याने केला.

साहेब म्हणाले, काय लिहिता ते दाखवा. त्यांच्याच मशीनवर पान उघडून दिलं. वाचत बसले. मध्येच विचारलं, "ही जत्रा कधी असते?" चैत्रात, म्हटलं. "वरपर्यंत गाडी जाते?" नाही, म्हटलं.

शेवटी म्हणाले, ड्युटीत करू नका, बाकी तुमचा प्रश्न. कागद फाइलीला लागला. बाहेर आल्यावर यमुनाने ऊस-रस पाजला. पहिला ग्लास एका दमात संपवला नि म्हणाली, "आज रात्री झोपंन मी."

१६ फेब्रु., शनि.

सुधीरने पानाला कुलूप घातलं. काही आठवडे कोणीच बदल करायचा नाही. तोवर दोघांनी चर्चापानावर मिळून मसुदा करायचा.

मिळून म्हणजे कसं? मी म्हटलं, एक मशीन, दोन खुर्च्या.

सगळं कळल्यावर पहिल्यांदाच समोरासमोर आले. अनंत उभाच राहिला. "सिस्टर, ते मी..."

"वाचलं मी. बसा. आईंनी मीठ कमी केलं का?"

"नाही."

"मंग आधी त्यांच्याशी भांडा, मग माझ्याशी."

बसले. दोन तासांत एक परिच्छेद. त्यातही एका शब्दावर अडलेत. अनंतला 'स्थापली' पाहिजे, यमुनाला 'सापडली'. मी सुचवलं 'प्रकटली'. दोघांनी एकदम माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पावत्या लावायला गेले.

२३ फेब्रु., शनि.

अजून तिथेच. स्था आणि सा.

१ मार्च, शनि.

'स्थापली' कापलं गेलं. 'सापडली' पण. आता वाक्य असं: 'देवीच्या मूळ स्थानाबद्दल वाडीत आणि गावात दोन वेगळ्या कथा सांगितल्या जातात.' त्याखाली दोन परिच्छेद. अनंतने यमुनाचा परिच्छेद वाचून शुद्धलेखन सुधारलं. यमुनाने त्याच्यातली 'थोर', 'पराक्रमी', 'पुण्यवान' ही विशेषणं काढली. त्याने "पराक्रमी तरी राहू दे," म्हणून बघितलं. नाही म्हणाली.

मला ही माणसं आवडतात.

क्लासच्या पोरींची परीक्षा जवळ आली, स्पीड नाही कोणाचा.

९ मार्च, रवि.

आज सावरखोऱ्यात जत्रेची बैठक. मी नव्हते. संध्याकाळी दोन फोन.

आधी यमुना. "ताई, देवस्थानवाल्यांनी पान छापून आणलं व्हतं. जुनं, कुलूप लागायच्या आधीचं. प्लास्टिकात घालून! म्हणले, बघा, आता कम्प्युटर पण सांगतो, पयला नारळ हरडांचा. जगात जाहीर झालंय. मंग अनंत उठला. म्हणला, हे पुरावा म्हणून धरू नका, ह्यातलं निम्मं मी लिवलंय, निम्मं सिस्टरनी. ज्या दिवशी तुमी छापलं त्या दिवशी शेवटचा बदल माझा व्हता, म्हणून माझं दिसतंय. एक तास आधी छापलं असतं तर वाडीचं दिसलं असतं. सगळी सभा हसली हो."

मग अनंत. त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "झालं ताई. बोललो. सगळे हसले, बाबा नाही हसले. उठून गेले. घरी आल्यावर म्हणाले, आपल्याच घराचा मान आपल्याच पोराने उतरवला. आता बोलत नाहीत माझ्याशी."

"पश्चात्ताप होतोय?"

"छे. खरं तेच बोललो. पण जेवण जात नाही."

नारळाचा निर्णय पुढे ढकललाय. मी त्याला म्हटलं, जेव. भांडण लांबलं की भरल्या पोटानेच करावं लागतं.

१५ मार्च, शनि.

अनंत आला, पण मशीनला हात लावला नाही. यमुनानेच दोघांचं टाइप केलं.

मुरबाडच्या कॉलेजातल्या देसले मॅडमशी बोलले. लोककथा जमवतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सोमाबाबांची, म्हणजे यमुनाच्या आजाची, कथा नीट ध्वनिमुद्रित करून, जशीच्या तशी उतरवून वार्षिकांकात छापता येईल. मग तो छापील संदर्भ होईल का? सुधीरला विचारलं. म्हणाला, अभ्यासकाने जमवून संपादित केलेली असेल तर हो, 'वाडीत अशी कथा सांगतात' यासाठी चालेल. खरीखोटी ठरवायला नाही.

यमुना म्हणाली, एवढंच पाहिजे. आजा छापून येऊ दे एकदा.

२३ मार्च, रवि.

होळी झाली, धुळवड झाली. घसा बसलाय, ओरडून. सासूबाईंनी यंदा पुरणपोळी मला करू दिली. वि. नी पाच खाल्ल्या. सासूबाई म्हणाल्या, भुकेला माणूस काहीही खातो.

मुरबाडचे पोस्टमास्तर फोनवर: त्यांच्या पानावर कोणीतरी फार घाण लिहिलंय, सोडून द्यावंसं वाटतं. म्हटलं वाचा. वाचत गेले, मी ऐकत गेले. संपल्यावर म्हणाले, "वाचून दाखवल्यावर एवढं काही वाटत नाही." उद्या परत लिहिणार आहेत.

५ एप्रिल, शनि.

देसले मॅडम रेकॉर्डर घेऊन मुरबाडहून आल्या. सोमाबाबांना यमुना खाली घेऊन आली. घोंगडी खांद्यावर, एवढ्या उन्हाळ्यात. सेंटरमध्ये आल्यावर सगळ्या मशीनांवरून नजर फिरवली. "यातल्या कोणत्या यंत्रात हाय आई?" यमुनाने दाखवलं. पडद्याला हात लावून नमस्कार केला.

अनंतही होता. म्हाताऱ्याच्या पाया पडला. "हरडांचा ना तू? तोंडावरून वळखला," म्हणाला.

मॅडमनी रेकॉर्डर लावला, बाबा सुरू करा म्हणाल्या. तो काही बोलेना. यमुनाने समजावलं. तरी नाही. मला वाटलं रेकॉर्डरला बुजला. मग म्हणाला,

"मना अर्धीच येते."

"अर्धी म्हंजे?" यमुना.

"आई सापडली तिथून कड्यावर नेईपर्यंत आमची. तिथून पुढची हरडांची. आमचा बाप सांगायचा, मग थांबायचा, मग ह्याचा पणजा सांगायचा. जत्रेच्या रात्री दोघं एका जागी बसायचे. मग कायतरी झालं, बसायचं बंद पडलं. आता ह्याचा बाप बसला पाहिजे समोर. मी आडलो की त्यो सांगल. अर्धी गोष्ट सांगितली तर आई काय म्हणल?"

 यमुनाने आजाकडे असं बघितलं जणू आज पहिल्यांदा बघतेय. तिने इतके दिवस भांडून ठेवलेलं सगळं, आणि हा म्हणतो अर्धी.

अनंत म्हणाला, "आमच्या घरात असली गोष्ट मी कधी ऐकली नाही."

"तुझ्या बापाने ऐकलीय. ल्हान व्हता, पण व्हता तिथं. माझ्याच मांडीवर झोपायचा."

मॅडमनी रेकॉर्डर पिशवीत घातला. म्हणाल्या, मी थांबेन, घाई नाही. जत्रा पंधरवड्यावर आलीय. पानाचं कुलूप येत्या आठवड्यात निघेल. मी अनंतला म्हटलं, आता तुझं काम.

"बोलत नाहीत ते माझ्याशी."

"तू बोल. त्यांनी ऐकलं तरी पुरे."

७ एप्रिल, सोम.

दुपारी क्लास चालू असताना अनंतचा फोन. भातसानगरहून, जेवणाच्या सुट्टीत.

"काल सांगितलं बाबांना. सगळं. सोमाबाबा काय म्हणाले ते, मांडीचं पण. ऐकत होते.  उठून गोठ्यात गेले. मी म्हटलं संपलं. आज सकाळी मी निघताना ओटीवर उभे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हाक मारली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कड्यावर आल्यावर सोम्या नेमका कुठल्या शब्दाला आडतो?"

 मागे पोरींच्या टाइपरायटरचा खडखडाट, मी हात करून थांबवलं.

"मग तू काय सांगितलंस?"

"मला कुठे ठाऊक. विचारून सांगतो म्हटलं."

यमुनाला लगेच फोन लावला. लागला नाही, ती वाडीवर आहे आणि वाडीला रेंज नाही. उद्या पहिल्या एस्टीने मीच जाते, सोमाबाबांना विचारायला.